टेबलाखालची साक्ष

खुनांच्या तपासात उभी हयात घालवलेल्या त्या गृहस्थांना खात्यात सगळे बहिरेसाहेब म्हणायचे. गंमत अशी, की हे नाव पडलं त्या काळात त्यांचे कान चांगले तिखट होते. पलीकडच्या खोलीत कुणी दबक्या आवाजात शिवी हासडली तरी यांना ऐकू जायची. बहिरेपण हे त्यांचं सोंग होतं. समोर संशयित बसला की ते कपाळाला आठ्या घालायचे, कानामागे हात धरायचे आणि म्हणायचे, "जरा मोठ्याने बोला हो. काय म्हणालात?" तो बिचारा पुन्हा सांगायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी त्याच्या घशाला कोरड पडायची आणि साहेबांना हवं ते मिळालेलं असायचं.

कारण खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना हमखास घोटाळा करतो. "नाही नाही, थांबा, दार नंतर वाजलं, आधी दूध उतू गेलं," असं म्हणत तो मागे जातो, मधेच भलतंच काहीतरी आठवून अडखळतो, वैतागतो. खोटं बोलणारा मात्र शाळेतल्या कवितेसारखं धडाधडा म्हणून दाखवतो, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. नव्याने खात्यात आलेले लोक नेमकं उलटं समजायचे. जबाब जरा बदलला की सापडला म्हणून नाचायला लागायचे. मग साहेब त्यांना झापायचे, "तुझ्या लग्नाच्या दिवशी काय काय झालं ते मला दोनदा सांग बघू. सांग, सांग ना."

आता ते निवृत्त आहेत आणि डावा कान खरोखरच गेला आहे. "सोंग अंगाशी आलं," असं त्यांची बायको येईल त्याला हसत सांगते. ती गणिताची मास्तरीण होती. तिच्या तोंडी लागायला मुख्याध्यापकसुद्धा कचरायचे. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच तिने नियम घालून दिला होता, की बूट आणि खून दोन्ही दाराबाहेर काढून घरात यायचं. साहेबांनी तो मुकाट्याने मान्य केला. घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, मुलाचा अभ्यास घ्यायचे, जेवणाला नावं न ठेवता जेवायचे. त्यांच्या गप्प बसण्यावरून दिवस कसा गेला ते तिला कळायचंच, पण तिनेही कधी खोदून विचारलं नाही.

त्यांच्या वडिलांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. मोठ्या मुलाने ते चालवावं अशी फार इच्छा होती, पण मुलाची बोटं जाडजूड, बारीक स्प्रिंगा हातातून उडून कपाटाखाली जायच्या. वडिलांनी शेवटी हात टेकले. "तुझ्या हाताला कुलपं उघडत नाहीत, माणसं उघडतात का बघ," असं ते म्हणाले म्हणे. खरंच म्हणाले की साहेबांनी नंतर जोडून दिलं, देव जाणे. उंची होती, छाती होती, पोलिसात भरती झाले.

सुरुवातीला त्यांच्याकडे एक नकोसं काम आलं. गोदामात भोसकलेल्या एका तरुणाच्या आईला जाऊन कळवायचं होतं. साहेब तेव्हा कोवळे, जीभ रेटेना. "तुमच्या मुलाला जरा लागलंय, तुम्हाला यावं लागेल," असं काहीतरी ते पुटपुटले. त्या बाईने झटपट एक पिशवी भरली. धुतलेला सदरा, टॉवेल, कंगवा, त्याच्या गोळ्या. जीपमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली आणि वाटभर विचारत राहिली, की तिथे मऊ जेवण देतात का, त्याचं पोट नाजूक आहे. शवागाराच्या दारात तिला कळलं तेव्हा ती साहेबांच्या तोंडाकडे अशी बघत राहिली, जणू सुरा यांनीच चालवला असावा. त्यानंतर त्यांनी कधीही शब्द गुंडाळून दिले नाहीत. दार उघडलं की सरळ सांगायचे, तुमचा मुलगा मेला, त्याला कुणीतरी मारलं. लोक त्यांना दगडाच्या काळजाचा म्हणायचे. म्हणोत बापडे.

पुढे कितीतरी दारं वाजवली त्यांनी. कपडे शिवणाऱ्या एका बाईला तिच्या सख्ख्या भावाने जागेसाठी गळा दाबून मारलं होतं. भाऊ असा ओक्साबोक्शी रडायचा, की पंचनाम्याला आलेल्या निबर हवालदाराचेही डोळे पाणावले. साहेबांनी त्याला "काय म्हणालात?" करत पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, आणि दर वेळी तो त्याच वाक्याला, त्याच शब्दाला हुंदका देत होता. हवालदाराला स्वतःच्या डोळ्यांचा इतका राग आला, की तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही.

आणि एक होता कालव्यात सापडलेला. अंगावर बरे कपडे, डोक्यात मागून घाव, आणि तोंडात नुकतेच बसवलेले दोन दात. ज्याने हौसेने दात बसवून घेतले तो पुढची बरीच वर्षं जेवायच्या तयारीत होता, एवढंच काय ते कळलं. कोण होता, कुणी मारला, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. कुणी विचारायलाही आलं नाही, आणि साहेबांना खुनापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं. हरवलेली छत्री शोधत लोक ठाण्यात हेलपाटे घालतात, आणि एक अख्खा माणूस नाहीसा झाला तर कुणाच्या पानात एक घास कमी पडला नाही! हे बोलताना आजही त्यांचा आवाज चढतो.

पण या सगळ्या केसेस एका बाजूला आणि मनीची केस एका बाजूला. बायकोचा नियम त्यांनी मोडला तो एकदाच, त्या केसपायी.

मनी हे त्या मुलीचं खरं नाव नव्हे. टेबलाखाली मांजरीसारखी अंग चोरून बसली होती म्हणून ठाण्यातल्या लोकांनी ठेवलेलं. पाच वर्षांची असेल. तिचा बाप नळदुरुस्तीची कामं करायचा, आई घरी लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. दुपारी कधीतरी त्या बाईच्या डोक्यात कुणीतरी जड वस्तू घातली आणि ती इस्त्रीच्या टेबलाजवळच गेली. बापाचं म्हणणं असं, की मी संध्याकाळी कामावरून आलो तर ही अशी पडलेली, चोर शिरला असणार. हत्यार नाही, कुणी पाहिलं नाही. साहेबांनी त्याला चार वेळा सांगायला लावलं आणि चारही वेळा त्याने एकही शब्द न बदलता सांगितलं. साहेबांना जे कळायचं ते कळलं. पण तेवढ्यावर कोर्ट कसं विश्वास ठेवणार?

मुलगी त्या टेबलाखालून निघेना. टेबलावरचं जाड पांघरूण खाली जमिनीपर्यंत लोंबत होतं, त्याच्या आत ती भिंतीला टेकून बसलेली. महिला शिपायाने बिस्किटं दाखवली, गोड बोलून पाहिलं, सगळं व्यर्थ. शेवटी बहिरेसाहेब, एवढा धिप्पाड माणूस, गुडघ्यांवर रांगत त्या टेबलाखाली शिरले आणि तिच्याशेजारी पाय मुडपून बसले. काही विचारलं नाही. बराच वेळ दोघं पांघरुणाकडे बघत बसले. मग तीच बोलायला लागली, त्यांच्याकडे न बघता, अगदी बारीक आवाजात.

बाहेर आले तेव्हा साहेबांच्या गुडघ्यांना धूळ होती आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. बरोबरच्यांनी विचारलं, काही बोलली का? साहेब म्हणाले, झोपली होती ती, तिला काही माहीत नाही.

असं म्हणायला कारण होतं. आधीच्या एका खटल्यात एका लहान मुलाला वकिलाने उलटसुलट प्रश्न विचारून इतकं भंडावलं होतं, की शेवटी ते पोर "मीच मारलं, मला घरी जाऊ द्या" म्हणून किंचाळलं होतं. साहेबांच्या डोक्यात ते घर करून बसलं होतं. या मुलीला ते पिंजऱ्यात उभं करणार नव्हते. बापाच्या समोर तर मुळीच नाही. मग त्यांनी लांबचा रस्ता धरला. इमारतीतल्या एका म्हातारीच्या कानाला लागून, पाण्याला गंजाचा वास येतो अशी तक्रार तिला करायला लावली, आणि गच्चीवरची टाकी रिकामी करायला माणसं लावली. टाकीच्या तळाशी पाइप आवळायचा मोठा पाना सापडला. त्याच्या जबड्यात केस अडकलेले होते आणि दांड्यावर त्या नळवाल्याने स्वतःच्या हाताने कोरलेली खूण होती. टाकीच्या झाकणाला कुलूप असायचं, किल्ली त्याच्याच जुडग्यात. इमारतीतली माणसं ते पाणी पीत होती. कळलं तेव्हा जिन्यात लोक ओकले. एका बाईने घरातलं पाणी भरायचं एकूण एक भांडं खाली आणून टाकलं.

नळवाल्याने शेवटपर्यंत गुन्हा कबूल केला नाही, पण जन्मठेप झाली. कोर्टाच्या कागदांत मुलीचा उल्लेख फक्त "मृताची मुलगी, घटनेच्या वेळी झोपेत" एवढाच आला. तिला तिच्या आजीने, म्हणजे बापाच्या आईने, नेलं. तपास चांगला केला म्हणून साहेबांची पाठ थोपटली गेली. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हात धुतले नाहीत, तसेच स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने नियमाची आठवण करून दिली नाही.

त्यानंतर इतक्या वर्षांनी आज, ध्यानीमनी नसताना, एक बाई सकाळी त्यांच्या दारात उभी राहिली. तिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कामावर न्यायची पिशवी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते म्हणाली. साहेबांचा पत्ता तिने जुन्या ठाण्यात खेटे घालून मिळवला होता.

"तुम्ही मला ओळखणार नाही, काका. मी त्या नळवाल्याची मुलगी. पाना सापडला होता तो."

साहेब खुर्चीतून उठलेच. "मनी!" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांना संकोच वाटला.

ती मात्र हसली. "मला मनी म्हणत होते?"

बायकोने चहा आणला आणि ती तिथेच बसली. एरवी कुणी जुन्या कामाचं बोलायला आलं की ती आत निघून जायची. आज गेली नाही.

बाईने चहाला हात लावला नाही. पिशवी पायाशी ठेवून सरळ मुद्द्यावर आली. "बाबा आज दुपारी सुटताहेत. त्यांना घ्यायला माझा नवरा जाणार आहे, बस चालवतो तो, आज सुट्टी टाकलीय त्याने. बाबांना दुसरं कुणी नाही. आजी गेली. त्यांना घरी आणायचं की नाही हे मी ठरवायचंय, आणि मला ठरवता येत नाही. मला फक्त एक सांगा. त्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं?"

"का विचारतेस?" साहेबांनी वेळ काढला.

"कारण सगळं आयुष्य त्याच्यावरच गेलंय माझं. आजी रोज म्हणायची, तू बोललीस म्हणून माझा मुलगा आत गेला. जेवायला वाढताना म्हणायची. शाळेत बक्षीस मिळालं तरी म्हणायची. आणि तीच परत म्हणायची, की तू झोपेत होतीस, तुला स्वप्न पडलं, ते तू पोलिसांना सांगितलंस. मी मोठी झाल्यावर कोर्टाचे कागद काढले. त्यात मी काही बोलल्याचं कुठेच नाही. मग मला काय ते कळेना. मला ओले पाय आठवतात, काका. कापडाखालून दिसणारे. पण ते खरं की आजीने इतकं बोलून बोलून माझ्या डोक्यात घातलेलं, देव जाणे. तुम्हीच काय ते सांगू शकता. दुसरं कुणी नाही."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती. ओठ आत घेऊन ती वाट बघत होती, आणि हे बघणं साहेबांना चांगलं परिचयाचं होतं. निकालाच्या आधी लोक असे बघतात. त्यांच्या मनात त्या आजीबद्दल असा काही संताप उसळला, की ती म्हातारी जिवंत असती तर तिला खडसावायला आत्ता पायात बूट घातले असते. पाच वर्षांच्या पोरीला असं रोज चिमटे काढत जगवायचं? तिच्यासाठीच तर त्यांनी तो सगळा लांबचा रस्ता धरला होता, आणि म्हातारीने घरबसल्या त्याचं मातेरं केलं.

आणि साहेबांनी ठरवलं, हिच्या पाठीवरचं हे ओझं आज उतरवायचं.

ते खोटं बोलले, पण असं बोलले, की तसं त्यांच्यासमोर बसून गेलेल्या एकाही खुन्याला जमलं नव्हतं. सगळं सलग सांगितलं नाही. "तू झोपली होतीस," ते म्हणाले, "म्हणजे मी आलो तेव्हा तरी. नाही, थांब, मी आत आलो तेव्हा तू कोपऱ्यात होतीस की टेबलाखाली, टेबलाखाली. एका शिपाईणबाईंनी तुला उचललं तरी तू जागी झाली नाहीस. बिस्किटं वगैरे ते नंतरचं." मग थोडं विसरले. मग कुणीतरी पाण्याला वास येतो म्हणालं, त्यावरून टाकी उपसली, त्यात तुझा काही संबंध नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे? पुन्हा सांगा ना." त्यांनी पुन्हा सांगितलं, दोन-तीन गोष्टी मुद्दाम पुढेमागे करून. बायको कपाकडे बघत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आणि ओले पाय?"

"अगं, लहान मुलं ऐकलेलं पाहिल्यासारखं सांगतात. तुझ्या आजीने कानीकपाळी ओरडून ओरडून तुला ते दाखवलं असेल."

बाईच्या चेहऱ्यात एकदम फरक पडला. खांदे खाली आले, ती मागे टेकली आणि तिने थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. डोळे पुसले. साहेबांना बरं वाटलं, खरोखर मनापासून बरं वाटलं. निवृत्तीनंतर असं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

"मी काही बोललेच नाही," ती म्हणाली. "आजी उगाचच..."

"उगाचच."

"आणि मी काही पाहिलंही नाही." ती आता स्वतःशीच बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज हलका होत चालला होता. "म्हणजे मग बाबा म्हणतात तसंही असेल, काका. मी भेटायला जायचे ना, तेव्हा ते म्हणायचे, किल्ली जिन्यातच टांगलेली असायची, पाना कुणीही नेऊन टाकला असेल. मी ते कधी ऐकूनच घेतलं नाही. मला वाटायचं, मी पाहिलंय ना. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना लांब ठेवलं. म्हातारे झालेत हो ते." ती उठायला लागली. "बरं झालं मी आले. नवऱ्याला सांगते, निघ म्हणून. आतली छोटी खोली करून ठेवलीय त्यांच्यासाठी, माझ्या मुलीच्या खोलीला लागून. दुपारी ती शाळेतून आली की घरी कुणी नसतं, मी दुकानात, हा बसवर. आता आजोबा असतील. तीही पाच वर्षांचीच आहे."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. आता ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर तसंच ठेवून मुलाने स्वतः पुसायची ती वाट बघायची तशी तिची नजर होती.

"बस," साहेब म्हणाले.

"उशीर होईल काका, तो निघेल..."

"बस म्हणतो ना!" त्यांचा आवाज खोलीला मोठा झाला. ती दचकून बसली. साहेबांनी तळहात गुडघ्यांवर ठेवले. "मी आत्ता तुझ्याशी खोटं बोललो. तू झोपली नव्हतीस."

तिने उचललेली पिशवी परत पायाशी ठेवली.

"मी टेबलाखाली आलो होतो. तुझ्याशेजारी बसलो होतो. तू मला सांगितलंस, बाबांनी आईला पान्याने मारलं. मग ते पाना घेऊन वर गेले आणि येताना ओले झाले. तू 'वर गेले' म्हणालीस म्हणून मी टाकी उपसली. म्हातारीची तक्रार मी उभी केली, तुझं नाव कुठे येऊ नये म्हणून. आणखी एक सांगितलं होतंस. वरून आल्यावर त्याने टेबलाचं कापड उचलून आत पाहिलं. झोपलीस का, म्हणून विचारलं. तू डोळे मिटून पडून राहिलीस. तू जागी आहेस असं त्याला कळलं असतं, तर त्या खोलीत मला एक नाही, दोन मिळाल्या असत्या."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मग आजी म्हणायची ते खरंच. माझ्यामुळे."

"मला कळलं ते तुझ्यामुळे. तो आत गेला तो त्याने मारलं म्हणून."

"आणि मघाशी? मघाशी खोटं का बोललात?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटावं म्हणून!" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी पोरगी त्या माणसाबरोबर दुपारभर एकटी राहिली असती. मला बरं वाटलं असतं! तुम्हाला काय वाटलं असतं?"

साहेबांनी खाली मान घातली. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यासमोर खाली मान घातली होती, ती घालताना मानेला काय होतं ते त्यांना आज कळलं. "चुकलो," ते म्हणाले. बायको उठून बाईच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही.

समोरच्या इमारतीत कुणीतरी नळ सोडला आणि भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपातून पाणी धडधडत खाली गेलं. बाई त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. तिचा एक पाय हळूहळू वर, खुर्चीवर ओढला जात होता.

"विचारल्यावर ते लगेच गेले नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"आधी... नाही, आधी नाही, विचारल्यानंतर. त्यांनी हात आत घातला. माझ्या पावलाला लावला. तळव्याला. हात ओला होता, गार. मला गुदगुल्या होतात तिथे, त्यांना माहीत होतं. ते बोट फिरवत होते आणि मी... मी हलले नाही." तिने दोन्ही हातांनी स्वतःचं पाऊल घट्ट धरलं. "हे मी तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही," बहिरेसाहेब म्हणाले. "हे मला माहीत नव्हतं."

तिने पिशवीतून फोन काढला. पहिल्यांदा लागला नाही, पुन्हा लावला. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, निघतोच आहे, चप्पल घालतोय.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "नाही, उशिरा नाही. जायचंच नाही. त्यांना आपल्या घरी आणायचं नाही." तो काहीतरी विचारत होता. तिने डोळे मिटले, मग उघडले. "कारण मी जागी होते. मी पाहिलंय."

तो काय म्हणाला ते साहेबांना ऐकू आलं नाही. बाई बराच वेळ फोन कानाला लावून बसली आणि मग तिने विचारलं, पोरगी शाळेत पोचली का.